हेल असतो तो दुसऱ्याचा

निरनिराळ्या देशांतील माणसे भेटली की त्यांना एक प्रश्न विचारण्याची मला जुनी खोड आहे. तुमच्या देशात, तुमचीच भाषा बोलली जात असूनही, कोणत्या भागातले बोलणे तुम्हाला सर्वांत कमी कळते? या प्रश्नाचे उत्तर कोणाला शोधावे लागत नाही. ते बहुधा ओठांवर तयारच असते. इंग्रज माणूस ग्लासगोचे नाव घेतो, झ्युरिकचा स्विस माणूस ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यातील वालिसकडे बोट दाखवतो, जपानी माणूस त्सुगारू म्हणतो आणि टोरांटोचा कॅनडियन न्यूफाउंडलंड. नाव घेतल्यावर चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटते आणि पाठोपाठ नक्कल येते, जी त्या भागातल्या माणसाने ऐकली तर ती आपली आहे हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. गंमत अशी की आजवर एकानेही स्वतःच्या गावाचे नाव घेतलेले नाही. ग्लासगोच्या एका गृहस्थांना विचारले तेव्हा त्यांनी ॲबर्डीनकडे बोट दाखवले, आणि ॲबर्डीनच्या बाईंनी हसून सांगितले की आमचे एक वेळ कळेल, पण पीटरहेडच्या बंदरावरचे कोळी काय बोलतात ते देवालाच ठाऊक. पीटरहेडपर्यंत मी गेलेले नाही, पण तिथे कोणी तरी शेटलंड बेटांचे नाव घेईल याविषयी मला शंका नाही.

तरीही हा प्रश्न पोकळ आहे असे मला वाटत नाही. काही बोलणी प्रमाण उच्चारांपासून खरोखरच फार लांब गेलेली असतात आणि ते अंतर केवळ नक्कल करणाऱ्यांच्या डोक्यात नसते. जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांताच्या पश्चिम भागात त्सुगारू आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची मुलाखत जपानी दूरचित्रवाणीवर दाखवताना खाली जपानीतच उपशीर्षके द्यावी लागतात. त्सुगारूचे एक संभाषण साऱ्या जपानला पाठ आहे: एक जण विचारतो ‘दोसा’, दुसरा उत्तर देतो ‘युसा’. कुठे निघालास, गरम पाण्याच्या स्नानाला निघालो, एवढा सगळा व्यवहार चार अक्षरांत आटोपतो. असे का, असे विचारले की टोकियोचा माणूस गंभीरपणे सांगतो की तिकडे थंडी इतकी कडाक्याची असते की तोंड फार वेळ उघडे ठेवणे परवडत नाही.

या जातीची स्पष्टीकरणे जगभर सापडतात. ऑस्ट्रेलियन माणसे ओठ न हलवता बोलतात, कारण तोंड उघडले की माशी आत जाते. लिव्हरपूलची माणसे नाकात बोलतात, कारण बंदराच्या दमट धुक्याने त्यांची नाके पिढ्यान्‌पिढ्या चोंदलेली आहेत. त्सुगारूची थंडी तर नकाशा उघडला तरी वितळते. तिच्या उत्तरेला, समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की होक्काइदो बेट आहे. तिथे थंडी जास्तच आहे, पण तिथल्या अंतर्भागातले जपानी टोकियोच्या माणसाला सहज कळते. कारण हवामानात नसून इतिहासात आहे. १८६९ नंतर मेइजी सरकारने देशाच्या सगळ्या भागांतून माणसे तिथे वसवली, आणि शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांचे कळावे म्हणून दोघांनीही आपापल्या उच्चारांच्या कडा घासून कमी केल्या.

हवामान बाजूला ठेवले की दुसरे स्पष्टीकरण पुढे येते, ते एकांतवासाचे. डोंगराआड, बेटावर किंवा दरीत जी माणसे अडकून पडली त्यांचे बोलणे जुने राहिले आणि म्हणून आपल्याला कळेनासे झाले, असे ते सांगते. हे स्पष्टीकरण मात्र हसण्यावारी नेता येत नाही. वालिसच्या जर्मनमध्ये शब्दांच्या शेवटचे पूर्ण स्वर आजही ऐकू येतात, जे बाकीच्या जर्मनने कित्येक शतकांपूर्वी गिळून टाकले. आल्प्सच्या दोन रांगांमधले ते खोरे वर्षातले कित्येक महिने बर्फाने बंद असे, हे त्यामागचे कारण खरेच आहे. न्यूफाउंडलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या मासेमारी वस्त्यांत आयर्लंडच्या वॉटरफर्ड परिसराचे उच्चार इतके टिकून आहेत की परका माणूस त्यांना आयरिशच समजतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मासेमारीच्या हंगामासाठी आलेली ती कुटुंबे पुढे फारशी कोणात मिसळली नाहीत.

एकांतवासाचे हे स्पष्टीकरण अडखळते ते लिव्हरपूलला. ब्रिटनमधल्या सर्वांत ठसठशीत हेलांत ज्याची गणना होते, तो हा हेल एका गजबजलेल्या बंदराचा आहे, जिथून निम्म्या जगाची जहाजे ये-जा करीत. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यात जेमतेम पन्नास किलोमीटरचे अंतर आहे आणि १८३० साली जगातला पहिला आंतरनगरीय प्रवासी लोहमार्ग सुरू झाला तो याच दोन शहरांमध्ये. म्हणजे दळणवळणाने हेल विरघळत असते तर सर्वांत आधी विरघळायला हवा होता तो इथला. प्रत्यक्षात लिव्हरपूलचा हेल आज ज्या रूपात आहे तो घडलाच या लोहमार्गानंतर. १८४५च्या बटाट्याच्या रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसे या बंदरात उतरली, आणि १८५१च्या जनगणनेत शहरातली पाचांतली एक व्यक्ती आयर्लंडमध्ये जन्मलेली निघाली. आसपासच्या लँकेशायरचे जुने इंग्रजी आणि आयरिश माणसांचे इंग्रजी यांच्या मिश्रणातून शब्दान्तीचा ‘क’ उर्दूतल्या ‘ख़’सारखा घशात घासत म्हणणारे, वाक्य गाण्यासारखे वर-खाली नेणारे एक नवेच बोलणे तयार झाले. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, इंग्लंडमधल्या इतर शहरांचे उच्चार गेल्या अर्धशतकात एकमेकांच्या जवळ सरकत असताना लिव्हरपूलच्या तरुणांच्या तोंडी हा घासता ‘क’ कमी होत नाही, उलट वाढतो आहे असे भाषाशास्त्रज्ञांना आढळले.

संपर्क वाढला तर हेल वाढतो कसा, याचे मला पटलेले उत्तर अटलांटिकच्या पलीकडे, एका छोट्या बेटावर सापडले आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. १९६१च्या उन्हाळ्यात विल्यम लबॉव्ह नावाचा एक तरुण संशोधक तिथे पोहोचला. पुढे त्याच्या नावाने समाजभाषाविज्ञानाची एक अख्खी परंपरा ओळखली गेली, पण तेव्हा तो एम.ए.चा प्रबंध लिहीत होता. बेटावर कायम राहणारी माणसे सहा हजारांच्या आत होती आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे चाळीस हजारांच्या वर. पाहुणे पैसेवाले होते, समुद्राकाठची घरे एकामागून एक विकत घेत होते, आणि बेट मात्र राज्यातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक होते. लबॉव्हचे लक्ष दोन स्वरांवर गेले. ‘राइट’मधला ‘आ’ पूर्ण उघडण्याआधीच तिथल्या लोकांची जीभ वर वळत होती आणि शब्द ‘रइट’च्या जवळ जात होता, ‘हाउस’चे ‘हउस’ होत होते. हे उच्चार जुने होते, मागच्या पिढ्यांमध्ये ते विरत चालल्याच्या नोंदीही होत्या. एकांतवासाचा नियम लावला तर ते सर्वांत जास्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि सर्वांत कमी तरुणांच्या तोंडी सापडायला हवे होते.

त्याने ६९ जणांशी बोलून, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून जी आकडेवारी काढली ती वेगळेच सांगत होती. हा जुना उच्चार सर्वांत ठळक होता तिशी ते पंचेचाळिशीच्या माणसांत, त्यातही बेटाच्या पश्चिमेकडच्या चिलमार्क गावातल्या मच्छीमारांत. मच्छीमारी हा तोवर बुडत चाललेला धंदा होता आणि त्यावर जगणारी माणसे मूठभर उरली होती, पण बाकीचे बेट त्यांच्याकडे अस्सल बेटकरी म्हणून बघत होते. लबॉव्हने मग प्रत्येकाच्या बोलण्यातून बेटाविषयीची त्याची भावना तपासली. ज्यांना बेटावरच राहायचे होते त्यांचा उच्चार ठळक होता, ज्यांना संधी मिळताच निघून जायचे होते त्यांचा फिका. एका आईने त्याला आपल्या मुलाविषयी सांगितले की तो आधी असे बोलत नसे, कॉलेज करून परत आल्यापासून असे बोलू लागला आहे. धक्क्यावरच्या माणसांसारखे व्हावे असे त्याला वाटत असेल. मुख्य म्हणजे आपण हा स्वर असा उच्चारतो याची बहुतेकांना जाणीवही नव्हती. कोणी ठरवून हेल चढवला नव्हता. घरे विकत घेणाऱ्या पाहुण्यांसमोर आपण कोण आहोत याचे उत्तर जिभेने परस्पर देऊन टाकले होते.

मला हे संशोधन अजून थक्क करते, कारण त्याने कारणाची दिशाच उलटी केली. हेल म्हणजे मागे राहिलेल्या माणसाच्या तोंडात मागे राहिलेला काळ, असे आपण धरून चालतो. बेटावरचा हेल मात्र पाहुणे आले म्हणून जाड झाला होता. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांमध्ये जे चालले होते त्यातून तो निघत होता.

पुढे अमेरिकेतल्याच दोन बेटांनी या कथेला आणखी एक पीळ दिला. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील ऑक्राकोक बेटावरची माणसे ‘हाय टाइड’ला ‘हॉय टॉइड’ म्हणतात आणि त्यावरूनच त्यांच्या बोलीला नाव पडले. वॉल्ट वुल्फ्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तिथे काम सुरू केले तेव्हा पर्यटन भरात होते आणि तरुणांच्या तोंडून ही बोली निसटत चालली होती. पत्ते खेळायला नियमाने जमणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांच्या एका टोळक्यात ती विशेष टिकून होती, आणि त्यांच्यातही ती कधी कधी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी बाहेर काढली जाई. त्याच काळात नॅटली शिलिंग-एस्टिस यांनी चेसापीक उपसागरातल्या स्मिथ बेटाचा अभ्यास केला. तिथे पर्यटक फारसे नव्हते. खेकडे आणि कालवे यांवरचे उत्पन्न घटत होते, किनारा पाण्याखाली जात होता, कुटुंबे मुख्य भूमीकडे निघून जात होती आणि लोकसंख्या काही शेकड्यांवर आली होती. या बेटावर बोली फिकी होत नव्हती. प्रत्येक पुढच्या पिढीत ती अधिक जाड होत होती, आणि तरीही ती मरणाच्या वाटेवर होती, कारण बोलणारी माणसेच संपत होती. एक बोली पातळ होत मरते आणि दुसरी आटत आटत घट्ट होऊन. हे दुसरे मरण लक्षात यायला फार वेळ लागतो, कारण शेवटचा माणूस उरेपर्यंत हेल अगदी धडधाकट ऐकू येत राहतो.

न्यूकॅसलला राहत असताना माझ्या घरमालकीणबाईंच्या बोलण्यात मला हेच लहान प्रमाणावर दिसे. बँकेच्या माणसाशी फोनवर बोलताना त्यांचे इंग्रजी सपाट आणि सावध असे. बहिणीचा फोन आला की पहिल्या वाक्यापासून स्वर लांबत, वाक्याची शेपटी वर उचलली जाई आणि मला शेजारच्या खोलीत बसून एक शब्द कळेनासा होई. त्यांचा खरा उच्चार यांपैकी कोणता, असे विचारण्यात अर्थ नव्हता. माझेही वेगळे नाही. अकोल्याला आईशी बोलताना माझ्या तोंडातल्या ‘जवळ’चे ‘जवय’ होते आणि ते झाल्याचे मला कळते तेही शेजारी पुण्याची मैत्रीण बसली असेल तरच.

बोलणाऱ्याची बाजू ही अशी. ऐकणाऱ्याची बाजू मात्र मला अधिक अस्वस्थ करते, कारण कोणता हेल गोड लागावा आणि कोणता कानाला टोचावा हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. जर्मनीतल्या सॅक्सनीचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. आवडत्या-नावडत्या हेलांची पाहणी जर्मनीत झाली की सॅक्सन हेल तळाशी सापडतो. विनोदी कार्यक्रमांत बावळट माणूस सॅक्सन बोलतो. परंतु अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच बोली उत्तम जर्मनचा मापदंड मानली जात होती. लाइपझिगचे प्राध्यापक गोटशेड यांनी १७४८ साली जे व्याकरण लिहिले त्यात सॅक्सनीतल्या माइसनच्या शिष्ट लोकांचे बोलणे आदर्श धरले होते. १७६५ साली सोळा वर्षांचा ग्योथे शिकण्यासाठी लाइपझिगला आला तेव्हा त्याच्या फ्रँकफर्टी बोलण्याला तिथल्या मंडळींनी नावे ठेवली, त्याचे शब्द आणि म्हणी दुरुस्त केल्या, आणि पुढे आत्मचरित्र लिहितानाही त्याची ती बोच गेलेली नव्हती. (जर्मन भाषेच्या या सर्वश्रेष्ठ कवीच्या सर्वांत प्रसिद्ध नाटकातील एका प्रार्थनेचे यमक मात्र फ्रँकफर्टी उच्चार केला तरच जुळते, दुरुस्त्या करणाऱ्यांना त्याने असे चिरंजीव उत्तर ठेवले.)

मग सॅक्सन उच्चारांचे बिघडले काय? काहीच नाही. सात वर्षांच्या युद्धात सॅक्सनीचा पराभव झाला, जर्मन राजकारणाचा मध्यबिंदू प्रशियाकडे सरकला, आणि उच्चारांची प्रतिष्ठा त्याच्यामागून उत्तरेकडे गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीची सूत्रे लाइपझिगमध्ये जन्मलेल्या वाल्टर उल्ब्रिख्टच्या हाती आली, तेव्हा पश्चिम जर्मनीतल्या माणसाच्या कानात हा हेल सीमेवरचा पहारेकरी आणि रेडिओवरचे कंटाळवाणे भाषण यांच्याशी कायमचा बांधला गेला. आज सर्वांत शुद्ध जर्मन हॅनोव्हरची मानली जाते. तिथल्या लोकांची मूळ बोली तर उच्च जर्मन, म्हणजे प्रमाण जर्मन जिच्यावर उभी आहे ती, नव्हतीच. त्यांनी प्रमाण जर्मन पुस्तकातून परक्या भाषेसारखी, अक्षरावर बोट ठेवून शिकून घेतली, आणि म्हणून ती छापल्यासारखी उमटते.

इंग्रजीतल्या ‘र’ची कथाही याच जातीची आहे. स्वरानंतरचा ‘र’ गाळणे लंडनमध्ये खानदानीपणाचे लक्षण मानले गेले आणि तो ठणठणीत उच्चारणारा नैर्ऋत्य इंग्लंडचा शेतकरी गावंढळ ठरला. न्यूयॉर्कमध्ये, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, हिशेब नेमका उलटा झाला. तिथे ‘र’ म्हणणारा सुशिक्षित आणि गाळणारा खालच्या वस्तीतला. त्याच लबॉव्हने १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना असे प्रश्न विचारले की त्यांचे उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असेच यावे. उंची मालाच्या सॅक्समध्ये ६२ टक्के, मध्यम मेसीजमध्ये ५१ टक्के आणि स्वस्त क्लाइनमध्ये २० टक्के विक्रेत्यांनी त्यातला ‘र’ कमी-अधिक उच्चारला. या विक्रेत्यांच्या पगारात म्हणावे तितके अंतर नव्हते. अंतर होते ते समोर येणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये, आणि विक्रेत्यांनी उच्चार त्यांच्याकडून उसना घेतला होता. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांपैकी कोणता ‘न’ कोणाच्या तोंडून निघाला, एवढ्यावरून आपल्याकडे माणसाची जात, गाव आणि शाळा यांचा अंदाज क्षणात बांधला जातो, आणि वसतिगृहात आलेली मुले पहिल्या सहामाहीतच आपला ‘ण’ तपासून घेतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी इंग्रजी अमदानीत केलेल्या भारताच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणापासून वऱ्हाडापर्यंतची बोलणी एकाच बायबलकथेच्या रूपांतरांतून शेजारी शेजारी मांडलेली आहेत. तो चाळताना जी समान उंचीची पंगत दिसते ती आपल्या मालिकांत आणि नाटकांत दिसत नाही. तिथे मालवणी बोलणारा हसवतो, वऱ्हाडी बोलणारा भोळा असतो आणि नायक-नायिका मात्र कोणत्याच गावच्या नसतात.

ऐकणाऱ्याची ही सत्ता सर्वांत पद्धतशीरपणे चालवली ती इंग्रजांनी. बीबीसी १९२२ साली सुरू झाली आणि १९२६ साली तिने उच्चारांवर सल्ला देण्यासाठी राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यांच्यानंतर तिचे अध्यक्षपद आले ते बर्नार्ड शॉ या डब्लिनच्या माणसाकडे, हा योगायोग शॉला स्वतःलाही आवडला असावा. १९४१ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, यॉर्कशायरचा विल्फ्रेड पिकल्स राष्ट्रीय बातम्या वाचू लागला. त्यामागचा एक हेतू असा सांगितला जाई की अशा उच्चारांची नक्कल जर्मनांना सहजासहजी साधणार नाही. पिकल्स बातमीपत्राच्या शेवटी उत्तरेकडच्या लोकांना त्यांच्याच उच्चारात ‘गुड नीट’ म्हणे. श्रोते बिथरले, तक्रारींची पत्रे आली. बातमी तीच, वाचणारा देशभक्त, तरी ती खरी वाटेना.

खरी वाटणे आणि पटणे यांत मात्र फरक आहे, आणि तो १९७०च्या दशकात हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञांनी एका सुंदर प्रयोगाने दाखवला. फाशीच्या शिक्षेविरुद्धचा एकच युक्तिवाद त्यांनी विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या उच्चारांत ऐकवला. शिष्ट उच्चारात ऐकणाऱ्यांनी युक्तिवादाला सर्वाधिक गुण दिले. मत बदलले ते मात्र प्रादेशिक उच्चारात ऐकणाऱ्यांचे. जुन्या सवयी मात्र चिवट असतात. बर्मिंगहॅमचा हेल ब्रिटनमधल्या पाहण्यांत दशकानुदशके तळाशी आहे, आणि २००२ सालच्या एका प्रयोगात तर पोलीस चौकशीतला संशयित बर्मिंगहॅमच्या हेलात बोलला तेव्हा तो ऐकणाऱ्यांना अधिक दोषी वाटला. ज्या परदेशी माणसाला इंग्लंडचा नकाशा माहीत नाही त्याला या हेलात काही वावगे ऐकू येत नाही. कारखान्यांची काजळी इंग्रजांच्या कानात आहे.

शाळेने या कामात हातभार लावला नसता तर नवल. ओकिनावाच्या शाळांत विसाव्या शतकात घरची बोली बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत, आणि ती उतरवायची तर त्याने तशी बोली बोलणारे दुसरे मूल पकडून द्यायचे, अशी रीत होती. मुलांनाच एकमेकांचे पहारेकरी बनवणारी ही युक्ती वेल्समध्येही वापरली गेली. फ्रान्समध्येही शाळांत अशी खूण हातोहात फिरत असे, आणि शाळेबाहेर हसू होते. २०१८ साली एका ज्येष्ठ राजकारण्याने तुलूझकडच्या उच्चारात प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराची सर्वांदेखत नक्कल केली, आणि २०२० साली नैर्ऋत्येकडचा ठणठणीत हेल घेऊन जाँ कास्तेक्स पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या धोरणांइतकीच त्यांच्या उच्चारांची चर्चा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्चारावरून भेदभाव करणे दंडनीय ठरवणारे विधेयक राष्ट्रीय सभेने ९८ विरुद्ध ३ मतांनी संमत केले. कायद्याने कान बदलतात का, याविषयी मी साशंक आहे.

नॉर्वेचे उदाहरण समोर असते तेव्हा ही शंका थोडी सैल होते. तिथल्या संसदेने १८७८ सालीच ठराव केला की प्राथमिक शाळेत शिकवणे शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलण्यात व्हावे. आज तिथे मंत्री, प्राध्यापक आणि सूत्रसंचालक आपापल्या खोऱ्याचा हेल घेऊन बोलतात आणि ऐकणाऱ्याने तो समजून घ्यायचा असतो. डॅनिश सत्तेखाली चार शतके गेल्यानंतर स्वतःचे काही शोधू पाहणाऱ्या देशाला राजधानीचा डॅनिश वळणाचा उच्चार परका वाटला, म्हणून हे घडले. औदार्यापेक्षा त्यात राष्ट्राभिमान जास्त होता. तरी कान तयार झाले हे खरे. ब्रिटनमध्ये याच्या उलट, २००९ साली लंडनमधल्या एका भाषांतर कंपनीने ग्लासगोचे इंग्रजी कळणारे दुभाषे हवे असल्याची जाहिरात दिली होती. ग्लासगोचे लोक त्यावर खूप हसले, पण लंडनच्या माणसाला लंडनचे इंग्रजी समजावून सांगणारा दुभाषा कोणी ग्लासगोत नेमल्याचे ऐकिवात नाही.

ही एकेरी वाहतूक आता आपल्या दारापर्यंत आली आहे. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत गेली वीस-पंचवीस वर्षे उच्चार सपाट करण्याचे प्रशिक्षण चालते. तिथे मातृभाषेच्या प्रभावाला ‘एमटीआय’ असे एखाद्या आजारासारखे नाव आहे, आणि मुलाखतीनंतर ‘एमटीआय जास्त आहे’ असा शेरा मारून उमेदवाराला परत पाठवले जाते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने नागपूरहून येऊन हे प्रशिक्षण घेतले. ‘व’च्या दोन तऱ्हा, ‘फ’साठी खालच्या ओठावर दात टेकवणे आणि वाक्याचा सूर कुठे पाडायचा याचा सराव ती आरशासमोर करीत असे. गेल्या काही वर्षांत या सरावाची गरजच संपवू पाहणारे सॉफ्टवेअर बाजारात आले आहे. कर्मचारी आपल्या हेलात बोलतो, त्याचा आवाज वाटेत बदलतो आणि ओहायोतल्या गिऱ्हाइकाला तो आपल्या शेजाऱ्यासारखा ऐकू येतो. बनवणाऱ्यांचे म्हणणे असे की यामुळे कर्मचाऱ्याला होणारी शिवीगाळ कमी होते, आणि ज्याने रात्रपाळीत बसून ती खाल्ली आहे त्याला हा लाभ क्षुल्लक वाटणार नाही. मात्र हे तंत्र सुरुवातीला आले ते केवळ कर्मचाऱ्याच्या आवाजासाठी. अलाबामाचा किंवा ग्लासगोचा गिऱ्हाईक जे बोलेल ते नागपूरच्या त्या मुलीला त्याच्या त्याच हेलात ऐकू येई, आणि ‘पुन्हा सांगता का’ असे फार वेळा विचारले तर त्या महिन्याच्या गुणपत्रकात तिचे गुण कापले जात.